शिवणीतली माया

आमच्या गल्लीत माझ्या नणंदेला लहानथोर सगळे 'मास्तर' म्हणत. कपडे शिवणाऱ्या पुरुषाला टेलरमास्तर म्हणायची सवय. त्या जागी बाई येऊन बसली तरी लोकांनी शब्द बदलला नाही. माझे सासरे गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढच्या खोलीत मशीन होतं, अर्धवट शिवलेले सात कोट होते आणि धाकटा भाऊ शाळेत होता. त्या भावाशी पुढे माझं लग्न झालं. "याच्या हातात सुई दिली असती तर हा तिच्याशी गप्पा मारत बसला असता," त्या म्हणायच्या. "म्हणून मीच बसले." बसल्या त्या पन्नास वर्षं.

मी त्यांना वन्सं म्हणायची आणि त्या मला 'कॉन्व्हेंट' म्हणायच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला टेबलाशी बसून लिहिताना पाहिलं होतं. शाळेत आम्हाला सिस्टरांनी रोजची डायरी लिहायला लावली होती. जे पाहिलं ते आधी लिहायचं, जे वाटलं ते नंतर, आणि तेही जागा उरली तर. ती सवय मला अजून आहे.

"एवढं काय टिपतेस गं रोज?" वन्संनी विचारलं होतं.

"दिवसभरात जे झालं ते."

"म्हणजे तुझा नि माझा धंदा एकच. तू टिपतेस, मी टीप मारते."

ती पुढची खोली मला डोळे मिटूनही दिसते. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, खिडकीशी पायाचं मशीन. मधोमध कापड कापायचं टेबल, म्हणजे खरं तर दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं एक जुनं दार. त्याची कडी काढलेली होती, पण कडीचं भोक तसंच होतं आणि वर्षातून एकदा तरी त्यात एखादी कात्री अडकायची. कोपऱ्यात बिनडोक्याचा लाकडी पुतळा. त्याला आम्ही 'पाहुणी' म्हणत असू. "पाहुणीला जरा सरकव," "पाहुणीच्या अंगावरचा कोट काढ." नवं गिऱ्हाईक ते ऐकून आत डोकावायचं. इस्त्रीची वाफ, खडूची भुकटी आणि मशीनचं तेल यांचा मिळून त्या खोलीला एक वास होता. आज कुठल्या दुकानात तो आला की मी उगाच दोन मिनिटं रेंगाळते.

वन्संनी मला शिवण शिकवायचा प्रयत्न केला आणि सहा महिन्यांनी सोडून दिला. पण एक गोष्ट शिकवली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, पुढे कधी कपडा सैल करायचा झाला तर उपयोगी पडावं म्हणून. त्याला माया म्हणतात. मी पहिला फ्रॉक कापला तेव्हा कापड वाचवायला माया अगदी थोडी ठेवली होती. वन्संनी तो उलटा करून पाहिला.

"झालर कमी कर, खिसे कमी कर, कॉलर लहान कर. माया कमी करू नकोस. माणूस आज आहे तसं उद्या राहतं का?"

त्या स्वतः मात्र वर्षानुवर्षं आहेत तशाच राहिल्या होत्या. सडपातळ, लांब हातांच्या, ताठ. दर वर्षी एक राखाडी, कॉलरचा ब्लाउज स्वतःसाठी शिवायच्या आणि मापाच्या वहीत इतर गिऱ्हाइकांच्या रांगेत आपलंही माप लिहायच्या. नावाच्या जागी 'मी'. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला पसंत पडेल अशा मापाचा कुणी आलाच नाही. आले ते सगळे तयार कपड्यातले."

त्या चव्वेचाळीस वर्षांच्या असताना ते सुरू झालं. माझ्या डायरीत तीन फेब्रुवारीला अशी ओळ आहे: 'वन्संनी नवी टेप आणली. जुनी बादलीत पडून आखडली असं म्हणतात.' टेप आखडली की माप जास्त भरतं. त्यांच्या कंबरेचं माप वर्षभरात तीन इंच जास्त भरलं होतं, आणि पंचवीस वर्षं एकाच मापाची सवय असलेल्या बाईला पहिला संशय टेपचा येणार, स्वतःचा नाही. शिंपीणबाईच अशी चूक करू जाणे.

मग कॉलर मागून उठायला लागली. मानेशी, पाठीच्या वर, काही तरी उंचवटा आला होता. वन्संना तो दिसत नव्हता, फक्त कॉलर बसत नाही एवढंच कळत होतं. त्यांनी ती तीनदा उसवली, तीनदा शिवली. "माझ्या हाताला काय झालंय गं? कॉलर म्हणजे काही पहाड नाही. आयुष्यभर कॉलरी बसवल्या मी."

जूनच्या एकोणीस तारखेला मी लिहिलंय: 'वन्संनी दुसरी टेपही फेकली. म्हणाल्या, कंबरेशी आखडते नि दंडाशी ताणते, अशी टेप मी जन्मात पाहिली नाही. खूप हसलो.'

खूप हसलो. हे माझ्याच अक्षरात आहे.

चेहरा तोवर गोल आणि लाल झाला होता. गल्लीतल्या बायका आधी कौतुक करायच्या. औषधांच्या दुकानवाल्याची बायको पडद्यांचं माप द्यायला आली, तेव्हा म्हणाली, "मास्तर, तब्येत छान सुधारली हो तुमची!"

"सुधारली कसली, उसनी आणलीय," वन्सं म्हणाल्या. "परत करायची आहे."

पण पुढे पुढे कौतुकाचा सूर बदलला. एवढा लाल चेहरा कशानं होतो, हे लोक एकमेकांना डोळ्यांनी सांगायला लागले. एका गिऱ्हाइकाने कोट घेताना दारूच्या शंकेने बाही हुंगली, ते मी पाहिलं. वन्संनीही पाहिलं. त्या दिवसापासून त्या मशीनवर बसायच्या आधी चूळ भरू लागल्या. जी बाई कधी खोकल्याचं औषधसुद्धा पूर्ण चमचा घेत नसे, ती.

आम्ही त्यांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. माणूस चांगला, पण बाहेर बाकावर नेहमी पंधरा जण. रक्तदाब वाढलेला निघाला, साखरही. "बैठं काम, पाळी जायचं वय. खाणं निम्मं करा, रोज चाला." वन्संनी खाणं निम्मं केलं. चालायला गेल्या, तर पायरी चढताना मांड्या भरून यायच्या आणि कठडा धरावा लागायचा. दोन महिन्यांनी वजन आणखी वाढलेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही लिहिता ना रोज? तीन आठवडे त्या काय खातात ते लिहा."

मी लिहिलं. सकाळी पावाचा एक तुकडा, चहा बिनसाखरेचा. दुपारी वाटीभर भाजी, एक अंडं. संध्याकाळी सूप. एकवीस दिवसांची एकवीस पानं मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन उलटली.

"हे तुमच्यासमोर खाल्लेलं. तुमच्यामागे काय खातात ते कोण लिहितं?"

मी घरी आले. मला सगळ्यात लाज वाटते ती या गोष्टीची, म्हणून ती सरळ लिहिते. दिवसभर मी त्याच घरात असायची, वन्सं मशीन सोडून कुठे जात नसत, आणि तरीही मी माझ्या डायरीवर विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांवर ठेवला. त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. बिस्किटं, साखर, लोणी, जॅम, सगळं आत. यांना सांगितलं, "मुंग्या होतात." हे पोस्टात होते, बंद पाकिटातलं ओळखायची त्यांना सवय होती. म्हणाले, "मुंग्यांना कुलूप उघडता येत नाही, हे खरं." आणि पेपर वर धरला.

वन्संनी कुलूप पाहिलं तेव्हा मी तिथेच होते. त्या कपाटासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग परत मशीनवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. "तो घरात घालायचा गाऊन दे गं तुझा."

"कशाला?"

"किल्ली मुठीत धरून फिरतेस. कुठेतरी पडेल आणि मग कपाट फोडावं लागेल. आतून खिसा लावून देते."

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. तो सापडला असता तर बरं झालं असतं. त्यांनी दुहेरी टीप मारून खिसा लावला, किल्ली त्यात टाकून पाहिली, गाऊन उलटा धरून हलवून दाखवला. "आता उलटा टांगलास तरी पडणार नाही." उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. बसलेल्या जागेवरून हात न टेकता त्यांना उठताच येत नव्हतं, आणि पायाचं मशीन दहा मिनिटं चालवलं की त्या थांबून मांड्या चोळायच्या. हातांवर जिथे तिथे काळेनिळे डाग. "टेबलाचा कोपरा लागला," म्हणायच्या. खोलीतले सगळे कोपरे एकाएकी त्यांच्या मागे लागले होते.

त्या वेळी त्यांना भीती कशाची होती ते मला नंतर कळलं. मरणाची नव्हती. आपण खात नाही, पीत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत असताना घरातलं, दारातलं प्रत्येक माणूस आपल्याला खोटं समजतंय. आणि असंच चाललं तर एक दिवस आपण स्वतःही स्वतःला खोटं समजायला लागू. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, अगदी हलक्या आवाजात, "अगं, माणूस झोपेत उठून खात असेल का? आणि त्याला आठवत नसेल?"

मी म्हणाले होते, "असेलही."

ऑक्टोबरमध्ये त्या कापायच्या टेबलावर ओणवल्या होत्या. हात लांब करून कापडाचा तागा ओढला, आणि 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं, कडीच्या भोकात कात्री अडकली. वन्सं तशाच वाकलेल्या राहिल्या. "कात्री नाही गं," म्हणाल्या, "मीच." बरगडीला चीर गेली होती. पडल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. नुसत्या वाकल्या होत्या. डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला आणि सहा आठवडे मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

म्हणून तो ब्लाउज माझ्या हातात आला. एरवी त्या आपल्या कपड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. "कॉन्व्हेंट, एक काम कर. राखाडी ब्लाउज घे आणि दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच सोड. पट्ट्यावरून बसत नाही."

मी खिडकीशी बसून ब्लाउज उलटा केला. सकाळची वेळ होती, उजेड सरळ कापडावर पडत होता. वन्सं दुसऱ्यांच्या कपड्यावरच्या सुईच्या जुन्या खुणा वाफेने बुजवत, स्वतःच्या नाही. त्यामुळे सगळं दिसत होतं. कुशीच्या शिवणीवर सुईच्या बारीक भोकांच्या चार ओळी, एकीच्या बाहेर एक. चार वेळा उसवून सैल केलेलं. शेवटची टीप कापडाच्या काठाला लागलेली.

"वन्सं, इथे तर काही उरलंच नाही."

"नाही का? मग संपली माया. आता काय सोडणार?"

मी ब्लाउज खाली ठेवणार होते, तेवढ्यात बोटांना बाहीत काहीतरी जाड लागलं. बाही उलटी केली. तिथेही ओळी होत्या, पण आतल्या बाजूला. तीन वेळा उसवून घट्ट केलेली बाही. आत नको असलेल्या कापडाची घडी जमली होती, बोटभर रुंद.

"या बाह्या कुणी आत घेतल्या?"

"मीच. लोंबायला लागल्या होत्या."

मी त्यांच्या दंडाकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही सगळे त्यांचा चेहरा आणि पोट पाहत होतो. दंडाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. बारीक, सैल कातडीचा, म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा दंड. पायही तसेच.

मी मापाची वही काढली. पाच वर्षांची 'मी'ची मापं एका कागदावर एकाखाली एक लिहिली. कंबर नऊ इंच वाढलेली. गळा दीड इंच वाढलेला. दंडघेर दोन इंच कमी. मग मी डायरी काढली आणि फेब्रुवारीपासून वाचायला बसले, आणि एकोणीस जूनच्या त्या ओळीशी थांबले. कंबरेशी आखडते नि दंडाशी ताणते. त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. शब्दाशब्दानं सांगितलं होतं, आणि मी ते विनोद म्हणून लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी हे आले तेव्हा त्यांना कागद दाखवला. "जास्त खाणाऱ्याचं सगळं वाढतं. कमी खाणाऱ्याचं सगळं घटतं. अर्धं वाढतं नि अर्धं घटतं, हे कसलं खाणं?"

यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. "ताईला मोठ्या इस्पितळात न्यायचं," म्हणाले. "उद्याच."

मोठं इस्पितळ बसने तासाभरावर होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, टेबलाखाली बूट अर्धे काढून बसलेल्या. मी कागद पुढे केला, आणि का कोण जाणे, पिशवीतून ब्लाउजही काढून ठेवला. त्यांनी तो उलटा करून उजेडाकडे धरला.

"कुणी शिवलाय?"

"मी," वन्सं म्हणाल्या.

"उसवलाय कुणी?"

"मीच."

"बाई, तुम्ही तर तुमचा केसपेपर अंगावर घालून हिंडत होतात."

मग त्यांनी वन्संना हात छातीशी बांधून स्टुलावरून उठायला सांगितलं. वन्संनी तीनदा प्रयत्न केला. "स्टूल बुटकं आहे," त्या ओशाळून म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिलं. तिथे बोटभर रुंदीचे जांभळे चरे होते, कापड ताणून विरावं तसे. ते वन्संनी आम्हा कुणालाही दाखवले नव्हते. कसली गोळी, मलम, पूड घेता का, असं बाईंनी खोदून खोदून विचारलं. नाही, नाही, नाही. शेवटी त्या वन्संना म्हणाल्या, मला नाही, "हे खाण्यानं झालेलं नाही."

"काय म्हणालात?"

"हे खाण्यानं झालेलं नाही. तुम्ही उपाशी राहिला असतात तरी झालं असतं."

"परत एकदा म्हणा," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. वन्संनी मान वळवली. माझ्याकडे नाही, खिडकीकडे. बराच वेळ त्या बाहेरच्या भिंतीकडे बघत होत्या. मी गाऊन घरी ठेवून आले होते, तरी किल्ली मला मांडीला टोचत होती.

तपासण्यांना दोन आठवडे लागले. दिवसभराची लघवी बाटलीत जमवायची, एक गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायचं, मग मोठ्या यंत्रात पोटाचे फोटो. निघालं ते असं. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एक एक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल म्हणतात तिला. अंगावर ताण आला की शरीराला जागं करणारा रस ती बनवते, कॉर्टिसॉल, आणि गरज संपली की थांबते. वन्संच्या डाव्या ग्रंथीत एक गाठ झाली होती. ती कुणाचं न ऐकता रात्रंदिवस तोच रस बनवत होती. त्यानं चरबी पोटावर, मानेवर, चेहऱ्यावर जमत होती, आणि हातापायांचे स्नायू, हाडं, कातडी विरत चालली होती. रक्तदाब, साखर, बरगडी, सगळं त्या एका गाठीचं.

"कॅन्सर?" यांनी विचारलं.

"नाही. गाठ गरीब आहे," बाई म्हणाल्या. "कुठे पसरणार नाही. नुसती बसल्या जागी छळतेय. काढून टाकायची. केवढी म्हणाल तर कोटाच्या बटणाएवढी."

"दोन भोकांच्या की चार?" वन्संनी विचारलं.

बाई इतक्या हसल्या की बाहेरची परिचारिका डोकावली. कपाटाला कुलूप लागल्यापासून वन्संनी केलेला तो पहिला विनोद होता. मी तारीख लिहून ठेवली आहे.

घरी आल्यावर मी आधी कुलूप काढलं. मग पुढच्या खोलीत गेले. वन्सं पाहुणीच्या अंगावरची धूळ झटकत होत्या.

"वन्सं, मी चुकले."

"कशात?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी फडकं घडी केलं. "मी त्या दोन टेपा खोट्या ठरवल्या," त्या म्हणाल्या. "चांगल्या होत्या बिचाऱ्या. फेकून दिल्या. आता त्यांची माफी कोण मागणार?" आणि जरा थांबून, "चहात साखर घाल आज. एक चमचा. डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस."

शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली. त्या काळी कुशीत चांगला वीतभर छेद घ्यावा लागायचा. शुद्धीवर आल्यावर वन्संनी टाके पाहायला आरसा मागितला, आणि पाहून म्हणाल्या, "धावदोरा बरा आहे. गाठ मात्र पुरुषी मारलीय."

मला वाटलं होतं, गाठ निघाली की संपलं. तसं नव्हतं. डाव्या बाजूची गाठ इतके महिने एकटीच राबत होती, त्यामुळे उजवीकडची ग्रंथी झोपी गेली होती. ती जागी होईपर्यंत तोच रस गोळीने द्यायचा आणि हळूहळू कमी करत न्यायचा. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर उलट वाढवायची. ते महिने वाईट होते. सांधे दुखायचे, जेवण जायचं नाही, कातडीचे पापुद्रे निघायचे. "आजारी होते तेव्हा बरी होते मी," त्या चिडून म्हणायच्या. एकदा त्यांनी गोळी न घेता तोंड फिरवलं.

"खोटं लिही की घेतली म्हणून."

"मी खोटं लिहीत नाही, वन्सं. मी लिहिते ते खरं असतं. एकदाच मानलं नाही, त्याचं काय झालं ते पाहिलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि गोळी घेतली. चारशे एकोणतीस दिवस मी गोळीची वेळ लिहिली. शेवटच्या दिवसासमोर त्यांनी स्वतःच्या खडूने रेघ ओढली आहे. पानाला अजून हात लावला की बोटाला पांढरं लागतं.

चेहरा आधी परत आला. साधारण चौथ्या महिन्यात गालांची हाडं दिसू लागली, आणि एका सकाळी हे चहा पिता पिता म्हणाले, "अरे, ताई आली!" जणू त्या कुठे बाहेरगावी गेल्या होत्या. मग पायरी विनाआधार. मग मशीन, आधी पाच मिनिटं, मग वीस. औषधवाल्याची बायको म्हणाली, "मास्तर, किती वाळलात हो!" वन्संनी मला डोळा मारला. "उसनं परत केलं."

वर्ष उलटल्यावर नवा ब्लाउज शिवायचा झाला, तेव्हा त्यांनी टेप माझ्या हातात दिली. आजवर आपलं माप त्या आपणच घेत, आरशासमोर, टेपचं एक टोक दातात धरून. "तू घे," म्हणाल्या. "ताणू नकोस, ढिली सोडू नकोस. नुसती टेकव." मी एक एक आकडा वाचत गेले. कंबर. गळा. दंडघेर. प्रत्येक आकड्यावर त्या "लिही," म्हणायच्या, आणि मी वहीत लिहायची. सगळं जुन्या मापापासून अर्ध्या पाऊण इंचात होतं. शेवटी नावाच्या जागी 'मी' लिहिणार, तर त्या म्हणाल्या, "तू लिहितेस तर 'मी' कसं? 'वन्सं' लिही."

जुना राखाडी ब्लाउज त्यांनी आत घेतला. मी म्हटलं, एवढं जास्तीचं कापड आत जाड लागेल, कापून टाका. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. तो ब्लाउज त्यांनी आणखी सहा हिवाळे वापरला.

त्यानंतर त्या तेवीस वर्षं मशीनवर बसल्या. हे आधी गेले, मग नऊ वर्षं आम्ही दोघीच होतो, त्या पुढच्या खोलीत आणि मी टेबलाशी. तिकडून मशीनचा आवाज यायचा आणि थांबला की मी मान वर करायची. आता तो येत नाही, तरी मान वर होते. मागच्या वर्षी मशीन एका शिवणशाळेला दिलं. पाहुणी ठेवली.

गाऊन केव्हाच विरला. खिसा मात्र मी उसवून काढला आणि नव्या गाऊनला आतून लावला. माझ्या टाक्यांनी, त्यामुळे वाकडा आहे. किल्ली अजून त्यातच असते. कुलपाचं मात्र पुढे काय झालं ते मला माहीत नाही. त्या दिवशी काढून ओट्यावर ठेवलं होतं आणि संध्याकाळी ते तिथे नव्हतं. डायरीत मी सगळीकडे पाहिलं, नोंद नाही. वन्संना विचारायचं राहून गेलं.